ज्याला थांबता येते, जमीन त्याची
(कोरडवाहू भागातून खोपोलीला आलेल्या शेतकऱ्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



पऱ्हाटीच्या आणि ज्वारीच्या रानातून रात्रभर प्रवास करून तुम्ही सकाळी खोपोलीला उतरलात. चहा घेता घेता तुमच्यापैकी तिघाचौघांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, ‘इथे गुंठ्याचा भाव काय चालला आहे?’ आम्हाला हसू आले नाही. हा प्रश्न कोठून आला ते आम्हाला ठाऊक आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना या जिल्ह्यांतून गेला. नागपूर ते शिर्डीचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला. कोणाच्या हाती मोबदल्याचे पैसे आले, कोणाच्या बांधावर पांढऱ्या गाड्या येऊन उभ्या राहू लागल्या. एक जण म्हणतो, जमीन द्या. दुसरा म्हणतो, पैसे द्या, कर्जतला प्लॉट देतो, पाच वर्षांत दुप्पट. आणि जमिनीच्या धंद्यात सुरुवात करायची तर कोठून करायची, असा प्रश्न घेऊन तुम्ही आमच्याकडे आलात.

आम्ही बिल्डर नाही, वकीलही नाही. आम्ही खालापूर तालुक्यातले भातशेतीवाले. बोलायचा अधिकार आम्हाला एकाच गोष्टीने मिळाला आहे. या धंद्यातल्या बहुतेक चुका आम्ही स्वतः करून बसलो आहोत. त्या तुम्हाला फुकटात सांगतो.

कापूस तुमचा, वीज आमची

खोपोलीला 1856 साली आगगाडी आली. पुढे घाट होता, तो चढायला 1863 साल उजाडले. मग टाटांनी घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण, शिरवता ही धरणे बांधली, पाणी नळांतून खाली सोडले आणि 1915 साली खोपोलीत वीज तयार होऊ लागली. ही वीज गेली मुंबईच्या कापड गिरण्यांना. त्या गिरण्यांत कापूस कोणाचा? तुमच्या आज्या-पणज्याचा. म्हणजे आपले नाते जुने आहे. तुमचा कापूस आणि आमच्या डोंगराचे पाणी मुंबईला एकत्र आले. धनी तिसराच झाला.

पुढे त्या गिरण्यांचे काय झाले? 1982 साली संप झाला. गिरण्या एकामागून एक बसल्या. आणि मग एक चमत्कार दिसला. वर्षानुवर्षे कापूस पिंजून, सूत कातून, कापड विणून जे मिळाले नव्हते, ते गिरणीखालच्या जमिनीने मिळवून दिले. जिथे चिमण्या होत्या तिथे बाजारपेठा आणि मनोरे उभे राहिले. कामगार हक्काच्या घरासाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिला. जमिनीची किंमत वाढली, यात वाईट काही नाही. ती वाढली तेव्हा ती कोणाच्या हातात होती, प्रश्न तेवढाच.

आमच्याकडेही तेच घडले. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग 2002 साली पुरता खुला झाला. त्याच्या अगोदरपासून माणसे फिरू लागली होती. आमच्याकडे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीला वरकस म्हणतात. नाचणी-वरी आली तर आली, नाही तर गवत. वाटणीत वरकस ज्याच्या वाट्याला जाई तो रुसून बसे. त्या वरकसाला कोणी एकरी भाव देतो म्हटल्यावर आम्हाला वाटले, हा माणूस खुळा आहे, याचे मन बदलायच्या आत सही करून टाकू. आमच्यातल्या कोणी मुलीचे लग्न केले, कोणी सोसायटीचे देणे फेडले, कोणी जीप घेतली, कोणी स्लॅबचे घर बांधले. पाच वर्षांत जीप भंगारात गेली. ज्या वरकसावरून धबधबा दिसतो म्हणून आज शहरातली माणसे शेतघरे बांधतात, तिथे आमच्यातलाच एक जण फाटकावर राखणदार आहे. येणारा साहेब त्याला विचारतो, ‘तुम्ही इथलेच का?’ तो म्हणतो, ‘हो, इथलाच.’

जमिनीचे तीन भाव

आता हिशेब मांडू. पुढचे आकडे केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत, रीत मात्र खरी आहे.

कोरडवाहू एकरातून सगळा खर्च वजा जाता वर्षाला दहा हजार सुटले असे धरा. तुम्ही म्हणाल, एवढे तरी कुठे सुटतात? तरी धरा. आठ टक्के व्याजाने दहा हजार मिळवायला बँकेत सव्वा लाख ठेवावे लागतात. म्हणजे पिकाच्या हिशेबाने त्या एकराची किंमत सव्वा लाख. हा जमिनीचा पहिला भाव. घेणारा दहा लाख देतो म्हणाला की आपले डोळे फिरतात, ते याच भावाने मोजतो म्हणून.

घेणारा ज्वारी मोजत नाही. तो म्हणतो, एकराचे गुंठे चाळीस. रस्ता आणि मोकळी जागा यांत बारा गेले, उरले अठ्ठावीस. दीड लाखाने विकले तर बेचाळीस लाख. जमिनीला दहा, परवानगी, मोजणी, रस्ता, पाणी, वीज यांना दहा. वीस जाऊन बावीस लाख उरले. यातला काही भाव रस्त्याने आणला आणि काही कागदाने. रस्त्याचा भाव दुसरा, कागदाचा तिसरा. रस्ता सरकारने केला आणि कागद त्याने केला. आपण दोन्हींच्या आदल्या दिवशी पिकाच्या भावाच्या आठपट घेऊन आनंदाने घरी गेलो.

पण थांबा. तोही सुखात असतो असे नाही. त्याने वीस लाख बारा टक्क्यांनी काढले आणि प्लॉट पाच वर्षे विकले गेले नाहीत, तर व्याजासकट ते पस्तीस लाखांवर जातात. बावीसचा नफा सातवर येतो. दहा वर्षे अडकला तर देणे बासष्ट लाखांवर जाते आणि तो बुडतो. आमच्या भागात बुडालेल्या अशा योजनांची गंजलेली फाटके आम्ही तुम्हाला दुपारी दाखवू. जमिनीत पैसा हमखास दुप्पट होतो असे सांगणारा माणूस व्याज मोजत नाही, नाही तर तुमच्यापासून लपवतो.

या धंद्याचे सगळे गमक इथे आहे. ज्याला थांबता येते तो जिंकतो. आणि थांबण्याची सर्वांत मोठी ताकद कोणाकडे आहे? शेतकऱ्याकडे. त्याची जमीन कर्ज काढून घेतलेली नाही, बापजाद्यांची आहे. ती पिकत पिकत थांबू शकते. बिल्डरची जमीन रोज व्याज खाते, आपली निदान ज्वारी तरी देते. मग शेतकरी का हरतो? कारण तो गरजेपोटी विकतो. सावकार दारात, लग्न तोंडावर, दवाखाना चालू, आणि कापसाचा चुकारा यायचा आहे. जमीन थांबू शकते, पण मालक थांबू शकत नाही. म्हणून सुरुवात कोठून, याला आमचे पहिले उत्तर असे, की हातातला पैसा आधी चढ्या व्याजाचे देणे फेडायला लावा. तीन-चार टक्के महिन्याचे व्याज वाचवणारी गुंतवणूक बाजारात दुसरी नाही.

स्वस्तातली गुंतवणूक: आपलाच सातबारा

दुसरे उत्तर, दुसऱ्याची जमीन घेण्याआधी आपली जमीन कागदावर आपली करा. आजा जाऊन तीस वर्षे झाली, वारसनोंद नाही. भावाभावांची तोंडी वाटणी आहे, पोटहिस्से पडलेले नाहीत. मोजणी कधी झाली ते कोणाला आठवत नाही. असा सातबारा असला की दलाल खूश. ‘कागद गोंधळाचे आहेत हो’ म्हणून तो भाव पाडतो आणि नंतर तेच कागद सरळ करून भाव चढवतो. वारसनोंद, वाटप, सरकारी मोजणी, वहिवाटीच्या रस्त्याची नोंद ही कामे चिकाटीची आहेत, पण खर्च थोडा आहे. कागदाचा भाव निदान अर्धा तरी आपल्या घरात राहील.

बहिणींना विसरू नका. महाराष्ट्रात 1994 साली आणि साऱ्या देशात 2005 साली कायदा बदलला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. आमच्याकडे कित्येक व्यवहार बहिणीची सही राहिली म्हणून कोर्टात गेले आणि भाव चढत असताना जमीन तारखा खात पडली. बहिणीला चोळी-बांगडीवर हक्कसोड लिहायला लावायचे आणि दलालाला टक्केवारी द्यायची, हा कोणता न्याय?

विकायचीच वेळ आली तर

विकूच नका असे आम्ही म्हणत नाही. शेतमालाला भाव नाही आणि तरी जमिनीला चिकटून मरा, असे सांगणारे आम्ही कोण? पण विकायचीच तर चार गोष्टी सांभाळा.

एक, सगळी विकू नका. विकायचा तो तुकडा ठरवा, आणि रस्त्याला लागून असलेला पट्टा शेवटी विका. आमच्यातल्या एका घराने रस्त्याकडेची वीस गुंठे राखली, परवानगी घेऊन खोल्या बांधल्या, कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिल्या. त्या घराचा बंगला झाला नाही, पण दर महिन्याला चूल पेटते. तुकडेबंदीचे प्रमाण जिल्ह्याप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलत आले आहे, तेव्हा तोडण्याआधी तलाठ्याकडे आजचा नियम विचारा.

दोन, कुलमुखत्यारपत्रावर सही करून मोकळे होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट सांगितले की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, त्यासाठी नोंदलेले खरेदीखतच लागते. मग दलाल ते का मागतो? थोडा विसार देऊन तुमची जमीन वर्ष-दोन वर्षे बांधून ठेवायची, चढ्या भावाचे गिऱ्हाईक शोधायचे आणि मधला भाव खायचा म्हणून. साठेखत केलेच तर ते नोंदवा आणि त्यात मुदत लिहा. मुदतीत पूर्ण पैसे आले नाहीत तर काय, तेही लिहा. पूर्ण पैसे खात्यात पडल्याशिवाय ताबा नाही.

तीन, अर्धे पांढरे, अर्धे काळे हा खेळ खेळू नका. 2015 पासून जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे साधारणपणे बंद आहे, दंड घेणाऱ्याला होतो. आणि त्याहून मोठे नुकसान दिसत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदल्याचा भाव ठरवताना आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांतले चढे भाव पाहतात. आज तुम्ही कागदावर निम्मी किंमत लिहिली, की उद्या रस्ता आला तेव्हा साऱ्या गावाचा मोबदला तुमच्या सहीने पडतो. आमच्याकडे अशा सह्या झाल्या आहेत.

चार, विकण्याआधी बदली जमीन पाहून ठेवा. दोन वर्षे कसलेली शेतजमीन विकली आणि दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली, तर नफ्यावरच्या आयकरात त्या प्रमाणात सूट मिळते. शहराच्या हद्दीपासून दूर असलेल्या शेतजमिनीच्या विक्रीवर हा करच नाही. हे अंतर लोकसंख्येप्रमाणे सरळ रेषेत दोन, सहा किंवा आठ किलोमीटर असे मोजतात. खोपोलीसारख्या लाखाच्या आतल्या नगरपालिकेला दोन किलोमीटर. सही करण्याआधी हिशेबनिसाला विचारायला एक दिवस लागतो.

आणखी एक गोष्ट आम्ही मान खाली घालून सांगतो. आमच्याकडे कातकरी आणि ठाकूर बांधवांच्या कित्येक वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आहेत. जमीन विकली गेली, नव्या मालकाने तारेचे कुंपण घातले आणि वाडीला पाण्याची वाट राहिली नाही. विकणारे आम्हीच होतो. आपल्या लुटीबद्दल बोलणाऱ्याने आपल्या सहीने कोण उघड्यावर पडतो तेही पाहिले पाहिजे. विकायच्या आधी वाडीखालची जागा आणि वाट वेगळी काढून द्या.

घ्यायची असेल तर

आता तुमच्या हातातल्या मोबदल्याच्या पैशाविषयी. शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आमच्याकडे 1948 चा कुळकायदा आहे, विदर्भात 1958 चा, मराठवाड्यात 1950 चा. तुमच्याकडे सातबारा आहे, म्हणून तुम्हाला जी दारे उघडी आहेत ती मुंबईच्या साहेबाला नाहीत. त्यामुळे कोणी ना कोणी येईल आणि म्हणेल, पैसे आमचे, नाव तुमचे. नाव भाड्याने देऊ नका. बेनामी व्यवहाराचा कायदा 2016 साली कडक झाला, सात वर्षांपर्यंत तुरुंग आहे.

कर्जत-खालापुरात जमीन दाखवली तर सातबाऱ्यावरचे ‘इतर हक्क’ आधी वाचा. कुळकायदा कलम 43 ची नोंद आहे का? 2014 पासून दहा वर्षे उलटलेल्या जमिनीला आकाराच्या चाळीसपट नजराणा भरून वाट मिळते, पण तो भरला आहे का ते पाहा. भोगवटादार वर्ग दोन आहे का? आदिवासीची जमीन आहे का? ती परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि परवानगी मिळवून देतो म्हणणाऱ्याकडून तर घेऊच नये. खाजगी वनाची नोंद आहे का? 1975 च्या कायद्याने अशा कित्येक जमिनी सरकारजमा झाल्या आणि सातबाऱ्यावर नाव मात्र जुनेच राहिले. माथेरानच्या भोवतीचा परिसर 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला आहे. गट त्यात पडत असेल तर बांधकामाची आशा धरू नका.

प्लॉट म्हणून विकत असतील तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. 2017 पासून पाचशे चौरस मीटरवरच्या योजनेला नोंदणी सक्तीची आहे. ‘शेतघराची योजना आहे, तिला लागत नाही’ असे उत्तर आले, तर बहुधा एका सातबाऱ्यावर वीस जणांची नावे सामायिक चढवायचा बेत आहे. नाव लागेल, पण तुमची हद्द कोणती हे देवालाही सांगता येणार नाही.

आणि जमीन पावसाळ्यात पाहा. दिवाळीनंतर सगळा डोंगर सुंदर दिसतो. 19 जुलै 2023 च्या रात्री याच तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपलेली माणसे घरांसकट गाडली गेली. उतार कसा आहे, ओढा कुठून वाहतो, दरड कुठे सुटते, हे आषाढात कळते. दलाल आषाढात कधी बोलावत नाही.

एकटे विकू नका

शेवटी दोन उदाहरणे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. शेतकऱ्याला पिकाच्या भावाशिवाय रस्त्याच्या भावातही वाटा आहे, हे सरकारला मान्य करावे लागले. पण भूखंड हातात यायला वर्षे लागली आणि कित्येकांनी तो हक्क कागदावर असतानाच कवडीमोलाने विकला. लढायचे बळ होते, थांबायचे बळ नव्हते.

दुसरे पुण्याजवळच्या हडपसरचे. मगरपट्ट्याच्या सुमारे सव्वाशे कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन विकलीच नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग, आणि 2000 च्या सुमारास नगर बांधायला घेतले. घरांच्या विक्रीचा पैसा भागधारकांना, बांधकामाची कंत्राटे घरच्या पोरांना. ऊस लावणारे हात भागधारक झाले. लगेच ‘आम्हीही करू’ म्हणू नका. त्यांच्या कुंपणाला पुणे शहर लागलेले होते. तुमच्या ज्वारीच्या रानाला अजून लागलेले नाही, आणि कदाचित लागणारही नाही. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच, की त्यांनी बांध एक केले आणि थांबले. रस्त्याकडेच्या दहा शेतकऱ्यांनी तरी एकत्र बसून ठरवावे, की एकमेकांना सांगितल्याशिवाय कोणी सही करायची नाही. दलालाचा धंदा चालतो तो शेजाऱ्याला शेजाऱ्याचा भाव कळत नाही म्हणून.

मायबहिणींनो, भावांनो, तुम्ही गुंठ्याचा भाव विचारत आलात. तो आम्ही सांगितला नाही, कारण संध्याकाळपर्यंत तुम्हाला तीन दलाल तीन भाव सांगतील. आम्ही सांगतो ते एवढेच. घरी गेल्यावर नवा प्लॉट पाहू नका. ट्रंकेतला सातबारा काढा, दिव्याखाली बसून सगळ्या घराने वाचा, बहिणीलाही बोलवा. कोणाचे नाव नाही, कोणाचे देणे आहे, वाट कुठून आहे, ते लिहून काढा. तुमची गुंतवणूक तिथून सुरू होते. आमची तिथेच संपली होती.